मीटर लागायच्या आधीची सही

घर बांधून होतं, रंग लागतो, वास्तूचा मुहूर्त निघतो आणि घरमालकाला मीटरची घाई होते. अर्जासोबत जे कागद लागतात त्यात एक असतो टेस्ट रिपोर्ट. किती दिवे, किती पंखे, किती प्लग, एकूण जोडभार किती, हे त्यावर लिहायचं. खाली दोन रकाने असतात: वायरिंगचा इन्सुलेशन रेझिस्टन्स आणि अर्थिंगचं माप. त्याखाली परवानाधारक ठेकेदाराचा शिक्का आणि पर्यवेक्षकाची सही. घरमालक हा कागद फार तर एकदा हातात धरतो. आमच्या धंद्यातला माणूस मात्र थेट त्या दोन रकान्यांवर बोट ठेवतो. सही करणारा त्या घरात गेला होता की दुकानात बसून होता, हे तिथंच कळतं.

मी अमरावती-अकोल्याकडे पर्यवेक्षकाचं काम करतो. इथले किस्से बाहेर फारसे जात नाहीत, कारण ते सांगणाऱ्यालाच उद्या त्याच दुकानातून उधारीवर वायरचं बंडल आणायचं असतं.

अकोल्यातल्या एका दुकानात मी एमसीबी घ्यायला उभा होतो. दुकान कोणतं ते सांगत नाही. एक वायरमन आला, चिठ्ठीवर लिहिलेलं नाव आणि प्लॉट नंबर त्यानं काउंटरवर ठेवला. काउंटरवरच्या पोरानं खणातून फॉर्मचा गठ्ठा काढला. प्रत्येक फॉर्मवर शिक्का आणि सही आधीच होती. पोरानं नाव भरलं, प्लॉट भरला, इन्सुलेशनच्या रकान्यात ‘५०’ लिहिलं आणि वरच्या फॉर्मकडे न बघता दुसरा भरायला घेतला. त्यातही ‘५०’. मी त्या वायरमनला सहज विचारलं, घर कुठवर आलं? तो म्हणाला, “स्लॅब टाकला ना भाऊ. सेंट्रिंग निघाचं हाय अजून.” म्हणजे ज्या घरात अजून एक वायर ओढलेली नव्हती, त्या घराच्या वायरिंगचा रेझिस्टन्स मोजून झालेला होता. मी काही बोलणार हे पाहून तोच पुढं म्हणाला, “काहून इतलं खोलात जाता? मीटर लागलं म्हंजे झालं.”

त्या वायरमनचा मला राग आला नाही. त्याच्याकडे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, म्हणजे मेगर, नव्हता आणि मेगर मारायचे पैसे त्याला कोणी देत नव्हतं. राग आला तो त्या सहीचा. परवाना ज्याचा होता तो माणूस कुठंतरी बसून स्वतःचं नाव भाड्यानं देत होता, आणि त्या नावाच्या भरवशावर एक कुटुंब त्या घरात राहायला जाणार होतं.

कायदा काय म्हणतो ते इथं सांगायलाच हवं, कारण धंद्यातल्याही पुष्कळांना ते नीट ठाऊक नसतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी दोन वेगवेगळ्या माणसांवर दोन वेगवेगळी कामं टाकली होती. नियम ४५ प्रमाणे वायरिंग परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, तेही प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली. आणि नियम ४७ प्रमाणे वीज जोडण्याआधी ग्राहकाच्या घरातली मांडणी वीज पुरवणाऱ्याने तपासायची, तिची चाचणी घ्यायची. काम करणारा एक, तपासणारा दुसरा. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षेचे नवे नियम आणले, २०२३ मध्ये ते पुन्हा नव्याने काढले. २०१० च्या नियमांत ही दुसरी नजर कायम राहिली. मेगरचं मापही त्यात लिहिलेलं होतं: ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट लावून रेझिस्टन्स किमान १ मेगओहम. पण त्याच नियमांत आणखी एक वाट उघडली. दर ५ वर्षांच्या आत करायची जी तपासणी, ती शासनाने ठरवून दिलेल्या व्होल्टेजपर्यंत मालकाने स्वतःच करून स्वतःच प्रमाणित करायची आणि अहवाल विद्युत निरीक्षकाकडे पाठवायचा. निरीक्षकाकडून तपासून घ्यायची मुभा होती, सक्ती नव्हती.

घरांच्या बाबतीत प्रत्यक्षात सगळा भार त्या एका टेस्ट रिपोर्टवर येऊन पडतो. मीटरपर्यंत पुरवठादाराची जबाबदारी, मीटरच्या पुढे ग्राहकाची, असा सर्वत्र प्रघात आहे. पाच वर्षांनी घरमालकाने आपली वायरिंग तपासून अहवाल पाठवला, असं उदाहरण मला माझ्या ओळखीपाळखीत सापडलेलं नाही. फ्लॅटच्या इमारतीत तर आणखी विचित्र चित्र दिसतं. इमारत १५ मीटरच्या वर गेली तर वीज सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागते. लिफ्ट असली तर तिलाही सरकारी परवाना आणि तपासणी आहे. अमरावतीच्या कठोरा रोडवरचं दुमजली घर किंवा अकोल्याच्या गोरक्षण रोडवरचं डुप्लेक्स मात्र १५ मीटरच्या खालीच राहतं, आणि वऱ्हाडातली बहुतेक माणसं अशाच घरांत राहतात.

आता कूलर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि लोखंडी पत्र्याचा कूलर घरोघरी खिडकीला लागतो. ताट्या बदलतात, मोटर तेल पाजून फिरवतात, पाण्याचा पंप तपासतात, आणि थ्री-पिनच्या जागी दोन उघड्या वायरी प्लगमध्ये काड्या खोचून लावतात. ओली फरशी, ओले हात, पत्र्याची टाकी. महावितरण दर उन्हाळ्यात पत्रक काढून सांगतं की पाणी भरताना कूलर बंद करा, अर्थिंग तपासा. तरी दर उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये बातमी येतेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०१९ ते २०२२ या प्रत्येक वर्षी देशात विजेच्या धक्क्याने गेलेल्या माणसांची संख्या १२,००० च्या वर आहे.

अकोल्यात एका ताईंनी मला बोलावलं होतं. म्हणाल्या, “कूलरले हात लावला की कधी मुंग्या येतात, कधी नाही येत. आमच्या मिस्तरीनं दोनदा पाह्यलं. तो म्हणते अर्थिंग एकदम झकास हाय.” मिस्तरी खोटं बोलत नव्हता. त्यानं आम्ही सगळे करतो तीच परीक्षा केली होती. सिरीज लॅम्पचं एक टोक फेजला, दुसरं प्लगच्या वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थला. दिवा लख्ख पेटला. दिवा पेटला म्हणजे अर्थिंग आहे, असं शिकवलेलं असतं. मी बोर्डाचे चार स्क्रू काढले. आत अर्थची हिरवी वायर नव्हतीच. अर्थच्या टर्मिनलवरून काळ्या वायरचा बोटभर तुकडा न्यूट्रलवर मारलेला होता. दिवा न्यूट्रलमुळे पेटत होता, आणि खऱ्या अर्थिंगवर पेटतो त्यापेक्षा जरा जास्तच लख्ख.

याचा अर्थ असा की घराचा न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही होत नाही. न्यूट्रल कटआउटपाशी सैल झाला की घरात चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून फेज परत फिरतो आणि त्या बोटभर तुकड्यावरून कूलरच्या पत्र्यावर येतो. २३० व्होल्ट. या घरात न्यूट्रलचा स्क्रू खरंच ढिला होता, वारा सुटला की हलायचा. म्हणून कधी मुंग्या, कधी नाही. घरात आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नव्हता, त्यामुळे मधे अडवणारं काहीच नव्हतं.

तो तुकडा कोणी मारला हे मी शोधलं नाही. पण मिस्तरीनं दोनदा तपासूनही तो त्याला सापडला नाही, याचं कारण माझ्या मते साधं आहे. बोर्ड त्यानंच बसवलेला होता. आपण बसवलेला बोर्ड माणूस उघडत नाही. त्यात काय आहे हे त्याला माहीत असतं, निदान माहीत आहे असं वाटतं. परका माणूस उघडतो.

अर्थिंगचा दुसरा किस्सा जमिनीचा आहे. आमची काळी माती पावसाळ्यात ओली गच्च असते आणि मे महिन्यात तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात. मातीतली ओल गेली की अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. बडनेऱ्याजवळच्या एका घराचं माप मी ऑगस्टमध्ये घेतलं तेव्हा ३ ओहम होतं, तेच पुढच्या मेमध्ये ११. खड्ड्यात मीठ-कोळसा होता, पाइप २.५ मीटरचा होता, काम चोख होतं. फक्त वर्षभर कोणी त्यात पाणी टाकलं नव्हतं. आता ११ ओहमचा हिशेब करून पाहा. कूलरच्या पत्र्याला फेज लागला तर २३० भागिले ११, म्हणजे जमिनीत जास्तीत जास्त २१ अँपिअर जातील. कूलरच्या प्लगवर १६ अँपिअरचा एमसीबी आहे. २१ अँपिअरवर तो लगेच पडत नाही. तासाभरानं पडला तर पडला, नाहीतर पडतही नाही. तेवढा वेळ पत्रा जिवंत. लोक एमसीबीकडे बोट दाखवून सांगतात, “ते बसवलं ना, मंग कायची भीती?” एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरवर पडणारा. त्याची सक्तीही आहे. २०१० च्या नियमांत आधी ५ किलोवॉटपेक्षा कमी जोडभाराला सूट होती, पुढे ती मर्यादा २ किलोवॉटवर आणली. आता दोन कूलर, फ्रिज आणि गिझर असलेलं कोणतंही घर त्यात बसतं. नुसता बसवून मात्र भागत नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडला, तर आरसीसीबी चांगला आहे एवढंच कळतं. घराला अर्थिंग आहे की नाही याबद्दल ते बटण काहीही सांगत नाही. ऑगस्टमधला टेस्ट रिपोर्ट मे महिन्याबद्दलही काही सांगत नाही.

दर्यापूरकडचा अनुभव याहून वेगळा. तो खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतला हा सगळा भाग खाऱ्या पाण्याचा. खारी माती विजेला चांगली वाट देते, त्यामुळे नवीन अर्थिंगचं माप तिथं फार सुंदर येतं. सही करणारा खुश, घरमालक खुश. तीच खार जीआय पाइप खाते. एका शेतकऱ्याच्या घरी मोटरच्या पेटीला करंट येत होता. टेस्ट रिपोर्ट खरा होता, सही करणाऱ्या ठेकेदाराला मी ओळखत होतो, तो मोजल्याशिवाय आकडा लिहीत नसे. आम्ही खड्डा उकरला. दोन फुटांच्या खाली पाइप नव्हताच. गंजाचा लाल चुरा होता, आणि वरचा तुकडा चेंबरच्या सिमेंटमध्ये अडकून उभा होता म्हणून बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. त्या शेतकरीकाकांनी तो चुरा मुठीत घेतला आणि म्हणाले, “म्हंजे इतले दिवस आमची वायर मातीत लटकून होती काय?” हो, तसंच होतं. पाच वर्षांची तपासणी नियमात का घातली आहे ते मला त्या खड्ड्याशी उभं राहून पटलं. प्रामाणिक सहीसुद्धा जुनी होते.

सगळ्यात वाईट किस्से सुताराचे असतात. टेस्ट रिपोर्ट होतो, मीटर लागतं, मग फर्निचर सुरू होतं. पीओपीवाला छताला भोकं पाडतो, मॉड्युलर किचनवाला भिंतीत लांब स्क्रू मारतो. भिंतीतली पाइप कुठून गेली हे त्याला कोण सांगणार? वायरमन तर हिशेब घेऊन गेलेला असतो. साईनगरातल्या एका नव्या घरात गृहप्रवेशाच्या आधी मी मेगर मारला. हँडल मिनिटाला १६० फेऱ्यांच्या गतीनं फिरवत राहायचं, गती पडू द्यायची नाही, आणि काट्याकडे बघायचं. हॉल, बेडरूम, सगळीकडे काटा वर. स्वयंपाकघराच्या सर्किटला ०.२ मेगओहम. एकेक प्लग सोडवत गेलो तर ओट्यावरच्या कपाटाच्या मागे अडकलो. कपाट उतरवलं, स्क्रू काढला, त्याच्या टोकाला वायरचं पिवळं पीव्हीसी चिकटून आलं. स्टीलची ताटाळी त्याच स्क्रूवर टांगायची होती.

ब्रिटनमध्ये २००४ साली अगदी हेच झालं होतं. खासदार जेनी टाँग यांची मुलगी स्वयंपाकघरात विजेच्या धक्क्यानं गेली. भिंतीतली केबल सरळ न नेता तिरपी नेलेली होती आणि भांडी टांगायच्या धातूच्या रॅकचा स्क्रू तिच्यात गेला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २००५ पासून इमारत नियमांचा ‘पार्ट पी’ लागू झाला, त्याच्या चर्चेत या मृत्यूचा उल्लेख वारंवार होतो. तिथं वायरमनला दोन वाटा दिल्या. मान्य योजनेत नाव नोंदवून स्वतःच्या कामाचं प्रमाणपत्र स्वतः द्यायचं, नाहीतर नगरपालिकेच्या इमारत विभागाकडून तपासून घ्यायचं. पहिल्या वाटेनं जाणाऱ्याचं नमुना काम योजनेचा माणूस येऊन बघतो. फ्रान्समध्ये १९७२ च्या हुकुमापासून ‘कॉन्स्युएल’ नावाच्या संस्थेच्या शिक्क्याशिवाय नव्या घराला वीज जोडत नाहीत. वायरमन आपलं प्रमाणपत्र भरून पाठवतो, आणि त्यातल्या कोणत्या घरी जाऊन बघायचं हे संस्था ठरवते.

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. स्वयंप्रमाणन मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. लाखो घरांत सरकारी निरीक्षक जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक घराला त्याची सही सक्तीची केली तर मीटरसाठी महिनोन्महिने रांगा लागतील, मग त्या रांगेचा धंदा करणारे उभे राहतील. ज्यानं काम केलं त्यानंच पहिली सही केली पाहिजे, ती जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची सोयच नको. पण कोणतं घर उघडून पाहायचं हे सही करणाऱ्याच्या हातात असू नये. रुग्णालयांत निदान आगीनंतर तरी कोणी उघडून पाहतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला आगीत दहा बाळं गेली, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या रुग्णालयात आगीतच अकरा रुग्ण गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या अमरावतीच्या डफरीनमध्ये, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालयात, नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. अशा आगींनंतर ऑडिटचे आदेश निघतात आणि निघायलाच हवेत. घरांसाठी असा आदेश कधीच निघत नाही. घरात माणसं एकेक करून जातात.

तपासणी कशी असते ते मी एका निरीक्षक साहेबांकडून शिकलो. अमरावतीतल्या एका उंच इमारतीची तपासणी होती. बिल्डरनं पहिल्या मजल्यावरचा नमुना फ्लॅट उघडून, पंखे लावून, चहा सांगून ठेवला होता. साहेबांनी आधी माझा मेगर मागितला. दोन्ही टोकं एकमेकांना लावून हँडल फिरवलं, काटा शून्यावर आला. टोकं वेगळी केली, काटा अनंतावर गेला. मग म्हणाले, “आता या मेगरवर विश्वास ठेवता येईल.” बिल्डर फ्लॅटकडे हात करत होता. साहेब म्हणाले, “चवथ्या मजल्यावरच्या मागच्या फ्लॅटची चाबी आणा.” चाबी सापडायला बराच वेळ लागला. साहेब जिन्यात उभे राहिले, चहा घेतला नाही. त्या फ्लॅटमध्ये अर्थची वायर स्वयंपाकघरापर्यंत पोचलेलीच नव्हती. बिल्डरला ठाऊक नव्हतं, त्याच्या ठेकेदारालाही नसावं. तिथं काम करून गेलेल्या पोरानं वायर संपली म्हणून सोडून दिलं होतं. मंजुरी त्या दिवशी मिळाली नाही.

हाच धडा घेऊन माझ्या ओळखीच्या दोन ठेकेदारांनी एक पद्धत सुरू केली. एक अमरावतीचा, एक अकोल्याचा, दोघांचं बाजारात वैरच होतं म्हणा ना. ठरवलं असं: सही ज्याची त्याची, पण मीटरच्या अर्जाआधी एकदा आणि फर्निचर झाल्यावर एकदा दुसऱ्याच्या माणसानं येऊन मेगर मारायचा, अर्थिंग मोजायची, आणि कोणतेही तीन बोर्ड स्वतःच्या मर्जीनं उघडायचे. त्याचे पैसे घरमालकानं तपासणाऱ्याच्या हातात द्यायचे, काम करणाऱ्याच्या बिलात घालायचे नाहीत. पहिल्याच घरात अकोलेवाल्याच्या माणसाला अमरावतीवाल्याच्या डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य बोर्डात, न्यूट्रलची पट्टी ढिली सापडली. अमरावतीवाला चिडला. “आमच्या पोरानं स्वतः आवळली होती,” म्हणाला. अकोलेवाल्यानं स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला, स्क्रू अर्धा फेरा फिरला. पुढच्या महिन्यात फेड झाली. अकोल्याच्या एका घरात बाथरूमच्या गिझरला १६ अँपिअरच्या प्लगमागे दीड चौरस मिलिमीटरची बारीक वायर निघाली.

दोघं अजून भांडतात. मापं डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहितात: तारीख, मेगरचा आकडा, अर्थिंगचा आकडा, आणि दोन सह्या. अर्थिंगसमोर महिनाही लिहितात, म्हणजे पुढच्या माणसाला ते माप ओल्या मातीतलं की भेगाळलेल्या मातीतलं हे कळतं. मेमध्ये घेतलेलं माप असलं तर घरमालकाकडून दोनशे रुपये जास्त घेतात, कारण तेव्हा उन्हात अर्थिंग मोजायच्या खुंट्या ठोकायला माणूस मिळत नाही.